वाजणारा टॅपेट

खंबाटकीचा रस्ता अरुंद होता त्या काळात, एप्रिल-मे महिन्यात साताऱ्याकडे निघालं की चढावर एक ठरलेलं दृश्य दिसायचं. कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि अँबेसेडर, रेडिएटरच्या टोपणावर ओलं फडकं टाकून तोंड लांब धरत ते फिरवणारे कुणाचे तरी काका, आणि ‘मागे सरका, मागे सरका’ म्हणून पोरांवर ओरडणाऱ्या आया. गाडी गार होईपर्यंत डबे उघडले जायचे. बाबांची फोक्सवॅगन बीटल मात्र त्या रांगेत कधी उभी राहिली नाही. त्याचा त्यांनी इतका टेंभा मिरवला की शेवटी आईनं त्यांना घाट संपेपर्यंत बोलायला बंदी केली. ‘हिच्यात पाणीच नाही, तर उकळणार काय?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. हवा उकळत नाही आणि गोठतही नाही, ही या गाडीच्या बाजूनं पहिल्यापासून सांगितली जाणारी गोष्ट. युरोपच्या थंडीत रेडिएटर फुटायची भीती नाही, वाळवंटात पाणी शोधत हिंडायला नको. पण इंजिन तापायचं ते तापतंच. पाण्याची गाडी तापली की सुई चढते, वाफ येते, गाडी चारचौघांत बोभाटा करते. हवेवर गार होणारी गाडी काही बोलत नाही. माझ्या गाडीत तापमान दाखवणारा काटाच नाही. दोन दिवे आहेत, एक हिरवा, एक लाल. हिरवा ऑइलच्या दाबाचा, लाल डायनामोचा. बाकी सगळं चालवणाऱ्यानं आपलं आपण ओळखायचं.

गाडी १९६६ सालची, १३०० मॉडेल, खरी क्षमता १२८५ सीसी, ताकद चाळीस अश्वशक्ती. कामानिमित्त इकडे आलेल्या एका परदेशी इंजिनिअरनं ती आणली आणि परत जाताना विकून गेला. मग हात बदलत बदलत ती बाबांकडे आली आणि बाबांनंतर माझ्याकडे. भाऊ म्हणाला होता, ‘तुला कुठे झेपणार, शोभेला ठेव हवं तर.’ पण शोभेला ठेवलेली गाडी उभ्या उभ्या मरते. रबरी सीलं वाळतात, टाकीत गंज धरतो, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो, ब्रेकचे पिस्टन जाम होतात. म्हणून ही गाडी भाजीला जाते, बँकेत जाते, आणि जमेल तेव्हा वाईलाही जाते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरपट्टी घेता येते. ती मी घेतलेली नाही, कारण ती घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्याचपुरता रस्ता. त्यापेक्षा दर पाच वर्षांनी आरटीओच्या मैदानात उन्हात उभं राहून पासिंग करून घेणं मला परवडतं.

तर इंजिन. ते मागे असतं, हे पेट्रोल पंपावरच्या मुलांना दर वेळी नव्यानं सांगावं लागतं, कारण पेट्रोलची टाकी पुढच्या बॉनेटखाली आहे आणि बॅटरी मागच्या सीटखाली. (‘मॅडम, साहेब नाहीत का बरोबर?’ हाही प्रश्न येतो. त्याला मी हल्ली उत्तर देत नाही.) चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे. वर मधोमध डायनामो. त्याच्या एका टोकाला पुली, दुसऱ्या टोकाला पंखा. इंजिनाची पुली पट्ट्यानं डायनामो फिरवते, त्याच दांड्यावरचा पंखा फिरतो आणि पत्र्याच्या मोठ्या खोक्यातून हवा खाली सिलिंडरांवर ढकलतो. म्हणजे जो पट्टा बॅटरी चार्ज करतो, तोच इंजिन वाचवतो. लाल दिवा लागला की नव्या माणसाला वाटतं, चार्जिंगचं काहीतरी असेल, घरी जाऊन बघू. इथं घरी जायचं नसतं. पट्टा तुटला असेल तर पंखा थांबलेला असतो, आणि आपण पुढचा पेट्रोल पंप शोधेपर्यंत इंजिन गेलेलं असतं. दिवा लागला की आहे तिथं कडेला घ्यायची आणि बंद करायची.

पट्टा बदलणं सोपं आहे, ताणणं जरा गमतीचं. डायनामोची पुली दोन अर्धांची असते आणि त्या दोन अर्धांच्या मध्ये पातळ वायसर असतात. वायसर काढले की दोन्ही अर्ध जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि ताणला जातो. घातले की ढिला होतो. अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा साधारण दीड सेंटिमीटर आत गेला पाहिजे. त्याहून ताठ ठेवला तर डायनामोची बेअरिंग जातात, ढिला ठेवला तर घसरतो. आणि काढलेले वायसर कुठे ठेवायचे? त्याच नटाखाली, पुलीच्या बाहेरच्या बाजूला. तिथे ते काही करत नाहीत, फक्त हरवत नाहीत. ज्या कुणी इंजिनिअरनं हे ठरवलं, त्याच्या घरात सुईदोऱ्याचा डबा नक्की जागेवर सापडत असणार.

आता मुद्द्याचं. पाण्याच्या गाडीत ‘कूलिंग’ हा एक वेगळा विभाग असतो. रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट, होज. त्यातलं काही बिघडलं तर तेवढं दुरुस्त करायचं. या गाडीत असा विभागच नाही. पंखा आहे, पण नुसत्या पंख्यानं काम होत नाही. ऑइल उष्णता वाहून नेतं, म्हणून ऑइल हे कूलिंग. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की जळण जास्त गरम होतं, म्हणून कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, हे कूलिंग. ठिणगी वेळेआधी पडली की सिलिंडरची डोकी, म्हणजे हेड, तापतात, म्हणून टायमिंग हे कूलिंग. टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली बारीक फट, हेही कूलिंगच, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. गॅरेजमध्ये ‘कूलिंगचं चेक केलं’ असं सांगून कुणी पंख्यावर टॉर्च मारून दाखवला, तर त्यानं काहीच चेक केलेलं नाही असं खुशाल समजावं.

सगळ्यात जास्त नुकसान मी पत्र्यांमुळे झालेलं पाहिलंय. इंजिनाभोवती पत्र्यांचं एक आवरण असतं. पंख्याचं खोकं दिसतं म्हणून ते सगळ्यांना ठाऊक. पण सिलिंडरांच्या खाली, रॉकरला ढकलणाऱ्या दांड्यांच्या, म्हणजे पुशरॉडच्या, नळ्यांपाशी, छोटे वळवलेले पत्रे असतात, ते हवेला सिलिंडरच्या पोटाखालूनही फिरवतात. इंजिनाच्या खोलीच्या कडेनं रबराची पट्टी असते. तिच्यामुळे वरची गार हवा वर राहते आणि खालची तापलेली हवा खाली. आपल्याकडच्या गॅरेजांत इंजिन एकदा उतरलं की जोडताना दोन-तीन पत्रे हमखास उरतात. ‘त्याशिवायपण चालते, ताई.’ चालते, बरोबर आहे. पण रबर गेलेलं असलं की पंखा खालून वर आलेली गरम हवाच पुन्हा ओढतो आणि तीच पुन्हा सिलिंडरांवर मारतो. माझी गाडी बाबांकडून आली तेव्हा त्यातले निम्मे पत्रे गायब होते. ते एक एक करून गोळा करण्यात बराच काळ गेला. काही भंगारातल्या दुसऱ्या इंजिनाचे मिळाले, काही जर्मनीत नोकरी करणाऱ्या भाच्यानं सुटकेसमध्ये कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणले. ‘मावशी, विमानतळावर बॅग उघडायला लावतात, काय सांगू त्यांना?’ मी म्हटलं, सांग की मावशीचा संसार आहे. परत जाताना तो त्याच जागेत भाकरवडी नेतो, त्यामुळे तक्रार फार टिकत नाही.

क्रोमचा चकचकीत पंख्याचा डबा विकत मिळतो, तो घेऊ नये. मूळच्या डब्यात आतून हवा वाटून देणारी पाती असतात, असल्या शोभेच्या डब्यांत बऱ्याचदा ती नसतात. शिवाय थर्मोस्टॅट. इंजिनाखाली एक घडीचा धातूचा डबा असतो, तो तापला की फुगतो आणि तारेनं पंख्याच्या हवेच्या झडपा उघडतो. गरम देशात याचं काय काम, म्हणून तो काढून टाकायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. डिसेंबरच्या सकाळी पुण्यातही इंजिन लवकर तापायला हवं असतं, कारण थंड इंजिन झिजतं जास्त. आणि झडपा बंद राहण्याची भीती वाटत असेल तर त्या हातानं हलवून बघाव्यात, काढून कशाला टाकायच्या.

आता तिसऱ्या सिलिंडरकडे येते. या इंजिनात सिलिंडरांचे नंबर असे: उजवीकडे पुढचा एक, मागचा दोन, डावीकडे पुढचा तीन, मागचा चार. माझी गाडी उजव्या स्टिअरिंगची, म्हणजे तीन नंबर शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला. माझ्या गाडीच्या काळातल्या इंजिनांत ऑइल गार करणारा कूलर पंख्याच्या डब्याच्या आतच, याच बाजूला उभा असतो. डाव्या बाजूला जाणाऱ्या हवेपैकी बरीचशी आधी त्याला लागते, आणि तीन नंबरला मिळते ती आधीच तापलेली, तीही कमी. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीनं कूलर डब्याच्या बाहेर काढून त्याला वेगळी वाट करून दिली. त्याआधी काही डिस्ट्रिब्युटरांत (चार सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा भाग) तीन नंबरची ठिणगी मुद्दाम किंचित उशिरा ठेवली होती, त्याला जरा सुख मिळावं म्हणून. म्हणजे दुखणं कंपनीला माहीत होतं. या इंजिनातला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारा, तुटतो तेव्हा तो बहुतेक वेळा तीन नंबरचाच असतो. व्हॉल्व्हचं डोकं दांड्यापासून सुटतं, सिलिंडरमध्ये पडतं, आणि पिस्टन त्याला वर हेडवर आपटतो. त्यानंतर दुरुस्ती नावाची गोष्ट उरत नाही.

हे अचानक होतं असं लोक म्हणतात. ते अचानक होत नाही. त्याआधी पुष्कळ दिवस व्हॉल्व्ह ते सांगत असतो, फक्त सांगायची त्याची पद्धत उलटी आहे.

टॅपेट वाजायला लागला की आपण घाबरतो. टक टक टक आवाज येतो, शेजारीपाजारी विचारतात, गाडी म्हातारी झाली का. आवाज येतो म्हणजे गॅप वाढलाय. रॉकर झिजलाय, पुशरॉडचं टोक झिजलंय, किंवा नट हललाय. याचा त्रास कानाला. थोडी ताकद जाते, बाकी इंजिन सुरक्षित. खरी काळजी करायची ती आवाज बंद झाल्यावर. गॅप कमी होत होत संपला की टॅपेट एकदम गप्प होतो, गाडी मऊ चालल्यासारखी वाटते, आणि मालक खूश. आत काय चाललेलं असतं? एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सोडतो ती मुख्यतः सीटला, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बसायच्या कड्याला, टेकून. जितका वेळ तो सीटवर घट्ट बसलेला, तितका वेळ तो गार होतो. गॅप नसेल तर तो पुरता मिटतच नाही. फटीतून जळते वायू निसटतात, व्हॉल्व्ह गार होत नाही, आणखी तापतो, आणखी लांबतो. लांबला की गॅप आणखी कमी. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

आमचे मिस्त्री, ज्यांना मी चाचा म्हणते, ते हे एका वाक्यात सांगतात. ‘ताई, वाजतो तोवर गाडी आपली. गप्प बसला की लेथवाल्याची.’

म्हणून गॅप मोजायचा. पाच हजार किलोमीटरला, मी त्याआधीच. इंजिन पूर्ण गार हवं, रात्रभर उभं राहिलेलं. सकाळी चहाच्याही आधी, कारण गरम इंजिनावर घेतलेलं माप कामाचं नाही. डोकी आणि सिलिंडर तापून वाढतात आणि आकडा बदलतो. दोन्ही बाजूंची झाकणं तारेच्या एका कडीनं धरलेली असतात. पेचकसानं कडी खाली ओढली की झाकण हातात येतं आणि ऑइलचे चार थेंब मनगटावरून कोपरापर्यंत. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून रोटर एक नंबरच्या खुणेवर आणायचा, पहिल्या सिलिंडरचे दोन टॅपेट लावायचे, मग इंजिन उलटं अर्धा फेरा फिरवून दोन, पुन्हा अर्धा फेरा तीन, पुन्हा चार. तेरा नंबरचा पाना, पेचकस आणि फट मोजायची ०.१५ मिलिमीटरची पाती, म्हणजे फिलर गेज. पूर्वी ०.१० सांगितलेलं असायचं, पुढे कंपनीनंच तो ०.१५ केला, आणि आपल्या हवेत मला तो ०.१५ चाच बरा वाटतो. पाती जरा अडून सरकली पाहिजे. नट घट्ट करताना स्क्रू हलतो, म्हणून घट्ट केल्यावर पुन्हा मोजायचं. चाचा मोजत नाहीत, पाती घालतात आणि डोळे मिटतात. त्यांचं बरोबर येतं. मी दोनदा मोजते.

आणि लिहून ठेवते. बाबांची एक लांबट वही होती, दुकानदाराच्या खतावणीसारखी, तीच पुढे चालू आहे. फरक एवढाच की बाबा काय केलं ते लिहायचे (‘टॅपेट अ‍ॅडजस्ट, ऑइल बदली, रु.’), आणि मी हात लावण्याआधी काय सापडलं ते लिहिते. आठ व्हॉल्व्ह, आठ आकडे. दुरुस्तीचा आकडा नेहमीच ०.१५, त्याचा काय उपयोग? सापडलेला आकडा बोलतो. सात व्हॉल्व्ह दर वेळी जवळजवळ जिथल्या तिथे आणि एकच आपला दर वेळी आवळत चाललाय, तर तो लांबतोय किंवा त्याची सीट खाली बसतेय. तो नुसता ढिला करून पुन्हा ०.१५ वर आणला की आपण दुखण्यावर गोळी दिली, निदान केलं नाही. बहुतेक गॅरेजांत नेमकं हेच होतं. टॅपेट लावून मिळतात, आधी काय होतं ते कुणी सांगत नाही, कारण कुणी पाहिलेलंच नसतं.

ऑइलचं थोडक्यात. अडीच लिटर, एवढंच. आजच्या छोट्या गाड्यांतही याहून जास्त असतं. आणि फिल्टर नाही, फक्त तळाशी एक जाळी. जाळीवर मोठा खडा अडकेल, बारीक घाण ऑइलबरोबर फिरतच राहते, म्हणून ती बाहेर काढायचा एकच मार्ग म्हणजे ऑइल बदलणं. पाच हजार किलोमीटर हा पुस्तकातला आकडा, धुळीच्या रस्त्यांवर मी त्याहून लवकर बदलते. जाळीचं झाकण सहा छोट्या नटांवर असतं. ते दोन बोटांनी पाना धरून आवळायचे, मुठीनं नाही. इंजिनाची कवटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, त्यात आटे गेले की पुढे सगळं कटकटीचं. ऑइल काढलं की जाळी उन्हात धरून बघायची. काळं ठीक, चमचम दिसली की बेअरिंगची बातमी. रस्त्यात थांबले की चाचांनी शिकवलेली खूणही करते. डिपस्टिक ओढून तिचं टोक चिमटीत धरायचं, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसं. क्षणभर धरता आली तर पुढे निघायचं, हात झटकन मागे आला तर चहा घ्यायचा. याला शास्त्र म्हणू नये, पण काटा नसलेल्या गाडीत एवढं तरी हवं.

पेट्रोलचा प्रश्न मात्र बाबांच्या वेळी नव्हता. २०२२ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल झालं, आणि २०२५ मध्ये वीस टक्के. उसाच्या शेतकऱ्याचं भलं होत असेल तर माझं काही म्हणणं नाही, पण या गाडीला ते दोन बाजूंनी लागतं. एक, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून आलेलं मिश्रण पातळ पडतं, आणि पातळ मिश्रण म्हणजे जास्त ताप. नव्या गाडीतला संगणक ते सावरून घेतो, सोलेक्स कार्ब्युरेटरला त्याचा पत्ताच नसतो. मी मेन जेट एक पायरी मोठा घातला, प्लगचा रंग पांढरटाचा पुन्हा विटकरी झाला. दोन, जुन्या रबराला इथेनॉल खातं. या गाड्यांत पेट्रोलच्या नळीवर सुताचं विणकाम असतं, ते दिसायला छान, पण आतलं रबर तडकलेलं वरून दिसत नाही. इंजिनाच्या खोलीत, गरम लोखंडाच्या वर, डिस्ट्रिब्युटरच्या ठिणगीशेजारी ती नळी असते. या जातीच्या कितीतरी गाड्या अपघातानं नाही, अशाच जळून गेल्या आहेत. आणि मॅग्नेशियमनं एकदा पेट घेतला की पाणी मारून ते विझत नाही, उलट भडकतं.

इथं मी जरा कर्कश होते, त्याला इलाज नाही. इथेनॉल चालणारी नळी आणायची आणि दर वर्षी बदलायची, चांगली दिसत असली तरी. दोन्ही टोकांना क्लिप. पेट्रोल फिल्टर इंजिनाच्या खोलीत लटकवायचा नाही, तो गाडीखाली, गिअरबॉक्सच्या पलीकडे. कार्ब्युरेटरच्या डोक्यावर एक पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. ती बोटानं हलली तर गाडी चालू करायची नाही. मागच्या सीटखालच्या बॅटरीवर झाकण हवंच, कारण सीटच्या स्प्रिंगा लोखंडी असतात आणि एखादा वजनदार पाहुणा बसला की त्या टर्मिनलला टेकतात. अग्निशामक सीटखाली नको, हाताशी.

इग्निशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पॉइंटचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा, गॅप ०.४ मिलिमीटर, तो झिजून कमी झाला की टायमिंगही हलतं, म्हणून आधी पॉइंट आणि मगच टायमिंग. टॅपेट, पॉइंट, टायमिंग, कार्ब्युरेटर हा क्रम बदलायचा नाही. नव्या मुलांना आधी कार्ब्युरेटर पिळायची घाई असते, आणि निम्म्या वेळा दोष कंडेन्सरचा निघतो. सहा व्होल्टची वायरिंग आहे, दिवे मंद आहेत, मी रात्री हायवेला जात नाही. संपलं.

गाडी कशी चालवली यावरही तिची तब्येत ठरते, आणि हे पाण्याच्या गाड्यांवर शिकलेल्यांना उलटं वाटतं. चढावर लोक टॉपमध्ये गाडी रेटतात. पेट्रोल वाचतं, आवाज कमी येतो. पण पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. फेरे कमी म्हणजे हवा कमी, आणि नेमका तेव्हाच इंजिनावर भार जास्त. ही गाडी चढावर तिसऱ्यात, मोकळ्या आवाजात चालवायची. ती ओरडते तेव्हा तिला हवा मिळत असते. चढ संपल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही, कारण इंजिन थांबलं की पंखाही थांबतो. अर्धा मिनिट तशीच चालू ठेवायची. बाबा वर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून आईशी घाटातली बंदी उठल्याबद्दल वाद घालायचे. त्यांना कारण माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक.

जगानं ही पद्धत सोडून दिली, ते बरोबरच केलं. धुराचे नियम कडक झाले आणि ते पाळायचे तर इंजिनाचं तापमान काटेकोर धरावं लागतं. हवेवर ते जमत नाही. पोर्शेसारख्यांनीही १९९७ मध्ये ९११ साठी पाणी पत्करलं. बीटल मेक्सिकोत, पुएब्लाच्या कारखान्यात, ३० जुलै २००३ पर्यंत तयार होत राहिली. जगभर मिळून एकूण २ कोटी १५ लाख २९ हजार ४६४ गाड्या. तिकडे तिला ‘व्होचो’ म्हणतात, आणि मेक्सिको सिटीच्या उत्तर टोकाला क्वाउतेपेक नावाच्या डोंगरवस्तीत त्या टॅक्सी म्हणून अजून माणसं वर चढवतात. सव्वादोन हजार मीटरच्या आसपासची उंची, विरळ हवा, उभे चढ. शोभेला ठेवलेल्या गाड्यांच्या मालकांपेक्षा मला त्या टॅक्सीवाल्यांना भेटायला आवडेल. रोज पोट भरायचं असलेला माणूस टॅपेट लावायला विसरत नसणार.

माझ्या वहीत सध्या तीन नंबरच्या एक्झॉस्टपुढे ०.१२ लिहिलंय, त्याखाली ०.१०, आणि परवा सकाळी ०.०८. बाकी सातांत काही हललेलं नाही. गाडी झकास चालतेय, आवाजही नाही. चाचांना वही दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आकडे वरून खाली आणि खालून वर वाचले आणि म्हणाले, ‘उतरवू.’

इंजिन उतरवणं हे या गाडीत भयंकर काम नाही. चार बोल्ट, दोन तारा-केबलींचे झुपके, पेट्रोलची नळी, आणि शंभर किलोच्या आसपासचा तो गोळा जॅकवर घेऊन मागून बाहेर ओढायचा. दोन माणसं पुरतात. खर्च आहे तो हेडचा. दोन्ही हेड काढायची, नवे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चारही, व्हॉल्व्हचे दांडे ज्यांत सरकतात ते गाइड तपासायचे, सीट घासायच्या. मी म्हटलं, फक्त तीन नंबरचाच बदलला तर? चाचांनी नुसतं पाहिलं. मग दिवाळीच्या आधी की नंतर यावर घासाघीस झाली. त्यांना नंतर हवं होतं, मला तोवर गाडी हलवायची नव्हती, आणि गाडी अंगणात न हलता उभी राहिली तर दिवाळीला येणारे पाहुणे कुठे गाड्या लावणार हा प्रश्न वहिनीनं खिडकीतून काढला. आधी ठरलं.

भाच्याला पाठवायची यादी चाचांनी सांगितली, मी लिहिली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चार, गाइडचा संच, झाकणांचं पॅकिंग, एक पट्टा जादा, पुशरॉडच्या नळ्यांची रबरं. नळ्या आठ, दोन्ही टोकांना एक-एक, म्हणजे सोळा.

‘वीस लिहा, ताई,’ चाचा म्हणाले. ‘बसवताना दोन फाटतात, आणि दोन पोरगं हरवतं.’